ट्रेलर ओढण्यास योग्य वाहन कसें निवडावें?

शेतमाल पिकविण्यास किती कष्ट पडले याचा हिशेब प्रत्येक शेतकऱ्याच्या मनांत असतो. परंतु तो माल शेतांतून पेठेंत नेण्यास किती खर्च आला व त्यांत किती धोका पत्करला, याचा हिशेब फारच थोडे लोक ठेवितात. वाहन विकत घेतांना तर बहुतेकांची दृष्टि दोनच गोष्टींवर असते: किंमत किती आणि अश्वशक्ति किती. ह्या दोन आंकड्यांपलीकडे जें पाहावयास पाहिजे, तें या पाठांत क्रमानें सांगावयाचें आहे.

हा विषय मुंबईंत राहणाऱ्या सभासदांसही तितकाच जवळचा आहे. भायखळ्याच्या पूर्वेस घोडपदेव म्हणून जी वस्ती आहे, तेथील अनेक घरांचें एक पाऊल गिरणींत, गोदींत किंवा भाजीच्या बाजारांत व दुसरें गांवच्या शेतांत, अशी स्थिति पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. शेजारींच कॉटन ग्रीन आहे. कुलाब्याचा कापसाचा व्यापार १९२० नंतरच्या दशकांत येथें आला, आणि देशावरच्या शेतांतील कापूस गासड्यांच्या रूपानें या भागांत उतरूं लागला. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, फळें व भाजीपाला यांचा घाऊक बाजार १९९६ मध्यें वाशीस गेला. तथापि गांवाशीं असलेला संबंध तुटला नाहीं. अशा घरांत मुंबईच्या भावाची शिल्लक आणि गांवच्या भावानें काढलेलें कर्ज एकत्र करून गाडी घेतली जाते. निवड चुकली तर हप्ते थकतात व जमिनीवर बोजा चढतो. आणि ब्रेकचा विचार राहून गेला तर त्याहून मोठी किंमत एखाद्या घाटांत द्यावी लागते. म्हणून पैसे मोजण्यापूर्वीं पुढील सहा गोष्टी मोजाव्या.

१. एकूण वजन

पहिला प्रश्न वाहनाचा नव्हे, भाराचा आहे. मालाचें वजन, रिकाम्या ट्रेलरचें वजन आणि ओढणाऱ्या वाहनाचें वजन या तिहींची बेरीज म्हणजे एकूण वजन. पुष्कळ लोक केवळ मालाचेंच वजन धरितात, येथेंच पहिली चूक होते. मालाचें वजन अंदाजानें न धरतां काट्यावर करून घ्यावें. कापसाची एक गासडी सुमारें १७० किलोची असते, म्हणजे १० गासड्या १.७ टन झाल्या; ओल्या उसाची व सुकलेल्या कडब्याची ट्रॉली दिसावयास सारखीच भरलेली असली, तरी वजनांत जमीनअस्मानाचा फरक असतो.

पुढील सर्व हिशेबांसाठीं एक उदाहरण घेऊं. कांदा ४ टन, रिकामी ट्रॉली १.५ टन व ट्रॅक्टर २ टन, एकूण ७.५ टन.

२. ओढ

सपाट व चांगल्या डांबरी रस्त्यावर दर टन वजनास सुमारें १५ किलो ओढ लागते. कच्च्या रस्त्यावर ती ३० ते ५० किलोंपर्यंत जाते आणि चिखलांत किंवा नांगरट झालेल्या रानांत १०० किलोंच्याही वर जाते. चढ लागला म्हणजे त्याची ओढ वेगळी मिळवावी. २० मीटर अंतरांत १ मीटर चढ असेल तर दर टनास ५० किलो, आणि १० मीटरांत १ मीटर असेल तर १०० किलो.

आपला ७.५ टनांचा भार २० स १ या चढावर चांगल्या रस्त्यानें न्यावयाचा आहे. चढाची ओढ ७.५ × ५० = ३७५ किलो; रस्त्याची ओढ ७.५ × १५ = सुमारें ११३ किलो; एकूण ४८८ किलो. ही ओढ ताशीं १५ किलोमीटर, म्हणजे सेकंदास ४.१७ मीटर, या वेगानें द्यावयाची तर ४८८ ला ४.१७ नें गुणून ७५ नें भागावें. उत्तर सुमारें २७ अश्वशक्ति येतें. हें काम प्रत्यक्ष चाकांशीं व्हावयाचें असतें. गिअर वगैरेंत होणारी तूट धरली तर इंजिन ३२ अश्वशक्तीचें पाहिजे, आणि कांहीं राखीव शक्ति ठेवली म्हणजे ४० च्या आसपास. तोच भार ताशीं १० किलोमीटरनें न्यावयाचा असेल तर चाकांशीं १८ अश्वशक्ति पुरते.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट ध्यानांत येईल. लहान इंजिनही योग्य गिअरमध्यें तोच भार चढवितें. मोठें इंजिन तो लवकर चढवितें. अश्वशक्ति प्रामुख्यानें वेग ठरविते. भार सुखरूप जाईल कीं नाहीं, हें तिच्यावर अवलंबून नाहीं. तें पुढील दोन गोष्टींवर अवलंबून आहे.

३. पकड

इंजिनाची शक्ति चाकांत येते, परंतु ती जमिनीवर उतरते ती चाकांच्या पकडीमुळें. ज्या चाकांना इंजिनाची गति मिळते त्यांवर जितकें वजन, त्या प्रमाणांतच पकड. कोरड्या डांबरी रस्त्यावर ती त्या वजनाच्या सुमारें सहा दशांश धरावी. ओल्या व चिखलट जागीं तीन दशांशच धरावी.

आपल्या २ टनी ट्रॅक्टरच्या मागील चाकांवर १.३ टन वजन आहे असें समजूं. ट्रॉली चार चाकांची असेल तर तिचा भार ट्रॅक्टरवर येत नाहीं, म्हणून चिखलांतील पकड १,३०० च्या तीन दशांश, म्हणजे ३९० किलो. ट्रॉली दोन चाकांची असून तिचा ५०० किलो भार हुकावर येत असेल तर पकड १,८०० च्या तीन दशांश, म्हणजे ५४० किलो. परंतु चिखलांत ७.५ टनांस लागणारी ओढ ७५० किलो आहे! दोन्ही प्रकारांत चाकें जागच्या जागीं फिरतील. येथें ट्रॅक्टर ४० अश्वशक्तीचा असो वा ६० चा, वजन तेंच असेल तर फळ तेंच. उपाय दोन: शेतांतून ट्रॉली कमी भरून रस्त्यावर आणावी व तेथें ती पूर्ण करावी, किंवा चारही चाकांना गति असलेलें वाहन घ्यावें. पहिल्या उपायास खर्च नाहीं.

४. ब्रेक

भार ओढण्यापेक्षां थांबविणें कठीण आहे. बोर घाटांतून रेल्वे १८६३ सालीं सुरू झाली. तेथील चढ ३७ स १ असा आहे. आगगाडी वर चढतांना कर्जत येथें मागून जास्त इंजिनें लावितात, हें अनेकांनीं पाहिलें असेल. परंतु उतरतांनाही गाड्या ठरलेल्या ठिकाणीं थांबवून ब्रेकची खात्री करून घेतात, इकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. रेल्वेनें चढाइतकीच काळजी उताराची घेतली. रस्त्यांवरील घाट तर याहून अधिक उभे असतात.

आपला ७.५ टनांचा भार २० स १ या उतारावर ताशीं २० किलोमीटरनें येत आहे आणि ट्रॉलीस ब्रेक नाहीं. कोरड्या रस्त्यावर ट्रॅक्टरच्या मागील चाकांचा रोध फार तर ७८० किलो. रस्त्याचा स्वतःचा विरोध ११३ किलो मदतीस येतो, आणि उतार ३७५ किलोंनीं पुढें ढकलतो. शिल्लक ५१८ किलो. एवढ्या बळानें गाडी थांबण्यास सुमारें २३ मीटर लागतात. वेग ३० केला तर ५१ मीटर. आतां पाऊस पडून रस्ता निसरडा झाला असें समजा. चाकांचा रोध ३९० वर येतो, शिल्लक १२८ किलो राहतात, आणि ताशीं २० किलोमीटरनें येणारी तीच गाडी ९२ मीटरांवर थांबते. चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत जी काटावळ होते ती यांत धरलेली नाहीं. वळणापलीकडे माणूस उभा असेल तर त्यास ९२ मीटर कोण देणार?

याच ट्रॉलीच्या स्वतःच्या चाकांवर ५.५ टन वजन आहे. त्यांना ब्रेक असते तर निसरड्या रस्त्यावरही १,६०० किलोंच्या वर रोध अधिक मिळाला असता. जेथें वजन तेथें ब्रेक, हें सूत्र प्रत्येकानें पाठ करावें. म्हणून नवी ट्रॉली करवून घेतांना रंग व फळ्या यांपूर्वीं ब्रेक मागावे, आणि ते ट्रॅक्टरच्या ब्रेकबरोबर लागतील अशी जोडणी करून घ्यावी. ट्रॅक्टरचीं डाव्या व उजव्या ब्रेकचीं पायपट्टें शेतांत वेगळीं वापरतात. रस्त्यावर येतांच तीं एकत्र अडकवावीं, नाहीं तर एकच चाक धरून गाडी आडवी होते. घाट ज्या गिअरमध्यें चढावा लागतो त्याच गिअरमध्यें उतरावा. इंधन वाचविण्याकरितां उतारावर गिअर मोकळा सोडणें म्हणजे मापभर तेलाकरितां जीव गहाण ठेवणें होय.

१९५०-५१ च्या हंगामांत प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला, तो काळ बैलगाड्यांचा होता. बैल आपल्या बेतानें चालत व आपल्या बेतानें थांबत. आतां एका ट्रॅक्टरमागें दोन दोन ट्रेलर जोडून ऊस नेतात. त्यांत ओढणारें वाहन सर्वांत हलकें व ढकलणारा भार सर्वांत जड असतो. अशा जोडणींत प्रत्येक ट्रेलरला ब्रेक, जोडास साखळी व मागें प्रकाश परतविणाऱ्या तांबड्या पट्ट्या नसतील, तर ती वाहतूक रस्त्यावरील परक्या माणसाच्या जिवावर चाललेली आहे, असेंच म्हणावें लागेल.

५. जोड आणि भाराची मांडणी

बैलगाडी हांकणाऱ्यास हा धडा नवा नाहीं. माल मागें जास्त झाला कीं गाडी उलाळ होते, जूं वर उचललें जातें आणि बैलांचे गळे आंवळले जातात; पुढें जास्त झाला कीं मानेवर भार येऊन बैल दमतात. दोन चाकी ट्रेलरचें तेंच आहे. मोटारीमागच्या लहान ट्रेलरमध्यें एकूण वजनाच्या ५ ते १० टक्के भार हुकावर यावा, अशी मांडणी करावी. ट्रॅक्टरच्या दोन चाकी ट्रॉलींत तो याहून अधिक असतो. मात्र वाहनाच्या पुस्तकांत हुकावरील भाराची जी मर्यादा दिली असेल ती ओलांडूं नये. माल उलाळ भरला तर हुक वाहनास मागून वर उचलतो, मागील चाकांची पकड जाते आणि ट्रेलर शेपटीसारखा हेलकावूं लागतो.

ट्रॅक्टरचा हुक मागील आंसाच्या पातळीहून खालीं असावा. आंसाहून उंच जागीं साखळी किंवा दांडी बांधून भार ओढला तर पुढचीं चाकें उचललीं जाऊन ट्रॅक्टर चालकाच्या अंगावर उलटतो. रुतलेली गाडी घाईनें ओढून काढतांना हा अपघात होतो, आणि तो इतक्या त्वरेनें होतो कीं उडी मारण्यास अवधि मिळत नाहीं.

६. लांबी, उंची व वारा

आतांपर्यंत जड ट्रेलरचा विचार केला. हलका ट्रेलर निर्धोक, असा समज होऊं नये म्हणून एक निराळें उदाहरण देतों. पुण्याजवळ हडपसर येथें विसाव्या शतकाच्या मध्यास ग्लायडिंगचें केंद्र निघालें. ग्लायडर म्हणजे इंजिनावांचून तरंगणारें विमान. वर चढणारी हवा सांपडली नाहीं तर तें धांवपट्टीपर्यंत न पोंचतां एखाद्या मोकळ्या रानांत उतरतें. मग त्याचे पंख काढून, सर्व भाग एका लांब पेटीसारख्या ट्रेलरमध्यें ठेवून तें परत नेतात. १५ मीटर पंखांच्या एकासनी ग्लायडरचें वजन सुमारें अडीचशें किलो असतें, आणि ट्रेलरसकट सारा भार बहुधा एक टनाच्या आंतच राहतो. परंतु पेटीची लांबी आठ-नऊ मीटर होते.

एवढा भार ओढण्यास साधी मोटार पुरते. अडचण ओढीची नसून वाऱ्याची आहे. लांब व हलक्या पेटीवर आडवा वारा किंवा बाजूनें जाणाऱ्या मोठ्या ट्रकचा झोत बसला, कीं ट्रेलर डावी-उजवीकडे झुलूं लागतो. एका ठराविक वेगापलीकडे ते झोके आपोआप वाढत जातात व शेवटीं मोटारीसही फिरवून टाकतात. म्हणून असा ट्रेलर ओढण्यास वाहन निवडतांना चार गुण पाहतात. वाहन ट्रेलरहून जड असावें. युरोपांत घरवजा ट्रेलर ओढणारे लोक ट्रेलरचें वजन मोटारीच्या ८५ टक्क्यांच्या आंत ठेवण्याचा सल्ला नवशिक्यास देतात. पुढील व मागील चाकांतील अंतर जास्त असावें. मागील आंसापासून हुक फार दूर नसावा. आणि शेतांत जावें लागतें म्हणून वाहनाचें पोट जमिनीपासून उंच व शक्य तर चारही चाकांना गति असावी.

शेतकऱ्याचा कडबा, सुटा कापूस किंवा रिकाम्या पाट्यांनीं उंच भरलेला ट्रेलर याच जातीचा आहे. वजन थोडें, पसारा मोठा. असा ट्रेलर जीपमागें लावून माळावरून वेगानें नेऊं नये. झोके सुरू झालेच तर वेग वाढवून ते मोडण्याचा प्रयत्न करूं नये, चक्राशीं झुंजूं नये. पाय गतीवरून काढावा, चक्र सरळ धरावें आणि वेग आपोआप कमी होऊं द्यावा. उंच कडब्याच्या बाबतींत वाटेवरील विजेच्या तारा आधीं पाहून ठेवाव्या. आणि एखादें ग्लायडर आपल्याच रानांत उतरलें, तर मदतीच्या उत्साहानें त्यास ट्रॅक्टर लावूं नये. त्याचे पंख ओढ सोसण्यासाठीं केलेले नसतात. चालक सांगेल तसेंच हात लावावे.

निवड कशी करावी

वरील सहा गोष्टी मोजल्यावर निवड पुष्कळ सोपी होते. शेत ते बाजारसमिति हें अंतर वीस-तीस किलोमीटरांच्या आंत आहे, माल तीन-चार टन आहे आणि ट्रॅक्टर मशागतीसाठीं घ्यावयाचाच आहे, तर ट्रॅक्टर व ब्रेकची ट्रॉली ही जोडी योग्य. माल टन-दीड टनच असून तो वरचेवर दूर न्यावयाचा असेल तर ट्रेलरचा नादच सोडावा. तेवढा भार स्वतःच्या पाठीवर घेणारें पिकअप वाहन बरें. माल हलका व अवजड आकाराचा असून कधींमधीं न्यावयाचा असेल, तर घरच्या जीपमागें लहान ट्रेलर चालेल. आणि माल आठ-दहा टनांचा झाला तर भाड्याचा ट्रक आपल्या ट्रॅक्टरच्या दोन फेऱ्यांपेक्षां बहुधा स्वस्तच पडतो.

ट्रॅक्टर घेऊन थेट मुंबईस माल नेण्याचा विचार कांहींच्या मनांत येतो. दीडशें किलोमीटर अंतर ताशीं २० किलोमीटरनें कापावयाचें तर साडेसात तास नुसत्या चालण्याचे झाले. पुणें-मुंबई द्रुतगति मार्गावर ट्रॅक्टरला मज्जाव आहे, शहरांत अवजड वाहनांस वेळेचें बंधन आहे, आणि घोडपदेवच्या गल्लींत शिरल्यावर ट्रेलर मागें घेणें हें स्वतंत्र कसब आहे. ट्रेलर डावीकडे न्यावयाचा तर चक्र उजवीकडे फिरवावें लागतें, आणि चार चाकी ट्रॉलीस दोन ठिकाणीं सांधा असल्यामुळें ती मागें घेतांना अनुभवी चालकही घामाघूम होतो. म्हणून गांवाकडील टप्पा ट्रॅक्टरचा, लांबचा टप्पा ट्रकचा किंवा पिकअपचा, आणि शहरांतील उतरण व वसुली घोडपदेवच्या भावाकडे, ही वांटणी सर्वांत सोयीची.

जुनें वाहन घेतांना

जुनें वाहन रिकामें चालवून कधींही पसंत करूं नये. मालकाच्या परवानगीनें भरलेला ट्रेलर जोडून एका चढावर थांबवावें व पुन्हा सुरू करावें. येथें क्लचची परीक्षा होते. उतारावर हळू वेगांत ब्रेक लावून वाहन एका बाजूस ओढतें काय तें पाहावें. हुक, पिन व तिचें भोंक यांची झीज बोटांनीं चांचपावी. डाग देऊन जोडलेल्या हुकावर विश्वास ठेवूं नये. टायरांच्या बाजूच्या भिंतींस चिरा असतील तर नव्या टायरांची किंमत वाहनाच्या किमतींत मिळवावी. ट्रेलरची नोंदणीही वाहनाप्रमाणेंच लागते, म्हणून ट्रॅक्टर व ट्रॉली या दोहोंचे कागद वेगवेगळे तपासावे. नोंदणींत लिहिलेलें भारासकट वजन, विमा आणि चालकाचा परवाना या तीन गोष्टी व्यवहारापूर्वींच पाहाव्या. अपघातानंतर हे कागद पाहण्याची पाळी आली, तर ते पाहणारा दुसराच कोणी असतो.

अभ्यासाचे प्रश्न

(१) एकूण वजन ५ टन, चढ २५ स १, रस्ता डांबरी, वेग ताशीं १८ किलोमीटर. ओढ किती व चाकांशीं अश्वशक्ति किती? (उत्तर: ओढ २७५ किलो, अश्वशक्ति सुमारें १८.)

(२) मागील चाकांवर १.५ टन वजन असलेला ट्रॅक्टर चिखलांत किती ओढ देऊं शकेल? तेथें दर टनास १०० किलो ओढ लागत असेल, तर ट्रॅक्टर धरून एकूण किती वजन निघेल? (उत्तर: ४५० किलो, ४.५ टन.)

(३) आपल्या घरच्या ट्रॉलीस ब्रेक आहेत काय? नसल्यास, आपल्या गांवाहून पेठेस जातांना सर्वांत उभा उतार कोठें आहे, तेथें रस्त्यालगत कोणाचीं घरें आहेत आणि शाळा सुटण्याची वेळ कोणती, हें लिहून काढावें.

तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर येथें छापतां येत नाहीं. तें प्रत्येकानें आपल्या रस्त्यावर पायीं चालून लिहावयाचें आहे, आणि पुढचा हंगाम सुरू होण्यापूर्वीं लिहावयाचें आहे.